अनंताच्या दिवशी

आजीला कुणाची जन्मतारीख सांगता येत नसे, पण कोण कुणापेक्षा थोरलं यात तिची कधी चूक झाली नाही. माझे वडील रझाकारीतले. आत्या करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, नाके उठले त्या सालातली. धाकटा काका निजामाचा हाली रुपया जाऊन हिंदुस्थानचा कलदार आला त्या सुगीतला. मी बहात्तरच्या दुष्काळानंतरचा, म्हणजे तिच्या लेखी अगदी कालचा. तारीख, महिना, इसवी सन ही मास्तरांची आणि तलाठ्याची कामं. तिला त्यांचं काही पडलेलं नसे.

दर १७ सप्टेंबरला आम्ही शाळेतून झेंडावंदन करून येत असू. "आजी, आज मराठवाडा मुक्त झाला," असं सांगितलं की ती म्हणे, "आज कुटं? आजून गनपती बसायचाय." तिच्या हिशेबी निजाम गेला तो अनंताच्या दिवशी. सप्टेंबरचं तिला ठाऊक नाही, आणि दर वर्षी तो दिवस मागेपुढे सरकतो याचंही तिला काही वाटत नसे. पुढे कधीतरी जुन्या पंचांगाशी ताळा करून पाहिला, तर १७ सप्टेंबर १९४८ हा शुक्रवार होता आणि त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशीच होती. मास्तरही खरे आणि आजीही खरी.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद रस्त्यापासून दोन-अडीच कोस आत. आताचा धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे निजामाच्या राज्यातले पाच मराठी जिल्हे. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे सोलापुरात गूळ-साखर वाटली जात होती आणि अलीकडे तिरंगा लावणं हा गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ त्याच दिवशी पकडले गेले. सभा घ्यायची तर परवानगी हवी, त्यासाठी 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूम कित्येक वर्षं आधीपासून होताच. नोव्हेंबरच्या २९ तारखेला निजामाने दिल्लीशी वर्षभराचा जैसे थे करार केला आणि त्या सवडीत लातूरच्या कासिम रझवी नावाच्या वकिलाची रझाकार संघटना गावोगाव पसरली. आमच्याकडे त्या काळाला 'रझाकारी' म्हणतात. दुष्काळी, सुगी, लगीनसराई, तशी रझाकारी.

रझाकारीच्या गोष्टी सांगायचे ते नाना, आजोबांचे धाकटे भाऊ. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे असतील. सरहद्दीवर, हिंदुस्थानच्या हद्दीत, स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथे ते दाखल झाले होते. रात्री हद्द ओलांडायची, करोडगिरीचा नाका पेटवायचा, दफ्तर जाळायचं आणि उजाडायच्या आत परत. कधी शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीच्या अबकारीचा पैसा थेट सरकारी तिजोरीत जाई. नाना हे सगळं इतकं रंगवून सांगत की उमरीच्या बँकेची गोष्टही ते स्वतः तिथे असल्यासारखी सांगून टाकत. उमरी नांदेड जिल्ह्यात. आमच्यापासून कुठल्या कुठे. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, कॅम्पातल्या लोकांनी ती बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. नाना तेव्हा अक्कलकोटच्या बाजूला होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांना कुणी अडवत नसे. आमच्या भागात स्वातंत्र्यसैनिकांची संख्या स्वातंत्र्यानंतरच झपाट्यानं वाढली. त्या मानानं नानांची अतिशयोक्ती फारच माफक.

आजीची गोष्ट एवढीशी, मिठाची. १९४८ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थान सरकारनं संस्थानाची नाकेबंदी केली होती. औषधं, घासलेट आणि मीठ मिळेनासं झालं. आजी बाळंतपणाला माहेरी अक्कलकोटकडे गेलेली. पावसाळा लागता लागता सासूनं अंथरूण धरलं आणि नातवाचं तोंड बघायचा हट्ट धरला, म्हणून भावानं तिला बैलगाडीतून आणून पोचवलं. वेताच्या टोपलीत खाली मिठाच्या चार पुरचुंड्या, त्यावर गोधडी, गोधडीवर माझे वडील. नाक्यावर एका रझाकारानं काठीनं गोधडी टोचली. पोर जे कळवळून रडलं ते गाडी नजरेआड होईपर्यंत थांबलंच नाही. नाक्यावरचा म्हातारा शिपाई उलट त्या पोरावरच ओरडला आणि म्हणाला, "जाने दो." घरी येऊन पाहिलं तर वरची पुरचुंडी ओली झालेली. ते मीठ टाकून द्यायला पणजीनं नकार दिला. वडिलांचा स्वभाव थोडा तापट, ते ओरडले की आजी म्हणे, "मिठावर निजवलेलं पोर, आजून तोंड खारटच हाय."

सोमवारी, १३ सप्टेंबरला, पहाटे सोलापूरकडून लष्कर शिरलं. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी त्या मुख्य फौजेचे सेनापती. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला ही त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट. पूल उडाला असता तर भर पावसाळ्यात रणगाडे अलीकडेच अडकले असते. पुढे जळकोट, आणि संध्याकाळपर्यंत उमरगा. गावातल्या लोकांना आधी ढगांचा गडगडाट वाटला. पोरं माळावर चढली तर दूर रस्त्यावर मोटारींची रांग, ती सरता सरेना. दुसऱ्या दिवशी उस्मानाबाद पडलं, औरंगाबाद शरण आलं. तिसऱ्या दिवशी फौजेची एक तुकडी लातूरहून मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत पोचली. रणगाडे, तोफा, विमानं एवढा सरंजाम असून कागदोपत्री त्याचं नाव 'पोलीस ॲक्शन'. आमच्याकडचे म्हातारे पोलीसही गाळतात, नुसतं 'ॲक्शन' म्हणतात.

आता गंमत अशी की आमचा भाग सोमवारीच निजामाच्या हातून गेला होता. फौज रस्त्यानं आली आणि रस्त्यानंच पुढे गेली. आत गावात कुणी आलं नाही. शेजारच्या मोठ्या गावातले रझाकार त्या रात्री बंदुका घेऊन कुठे पांगले, कुणाला कळलं नाही. पाटील दार लावून बसले. तलाठी दफ्तर घेऊन गेला तो गेलाच. चार दिवस गावात निजामही नव्हता आणि हिंदुस्थानही नव्हता. आमच्या घराच्या भिंती तीन-तीन फूट रुंद, दगड आणि मातीच्या. गल्लीच्या बाजूला एकही खिडकी नाही, उजेडाला फक्त माळवदात एक सवना. त्या भिंतींच्या भरवशावर गल्लीतल्या सगळ्या बायका-पोरी रात्री आमच्या घरात येऊन झोपत. आजी म्हणायची, पाय ठेवायला जागा नसायची, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची, तर पोरं रडण्याची.

शुक्रवारी पहाटे फौज बीदरमध्ये शिरली, दुसऱ्या एका तुकडीनं हिंगोली घेतली. संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, त्याचा सेनापती एल एद्रूस चौधरींना रीतसर शरण गेला. ही झाली पुस्तकातली हकिगत. आमच्या गावात ती पोचली नानांच्या पायांनी. ते फौजेच्या मागे मागे उमरग्यापर्यंत आले होते. तिथे बातमी कळली तसे अंधारातून, चिखल तुडवत गावात आले.

त्या वर्षी गणपती गाजावाजा न करता बसवलेला होता. पणजोबांनी ठरवलं होतं की घरच्याच विहिरीत गुपचूप शिरवायचा. नाना आले, बोलले, आणि दहा मिनिटांत सगळं गाव पारावर. हलगीवाल्याला उठवून आणलं. पण पावसाळी हवेनं हलगीचं कातडं सादळलेलं, थाप मारली तर आवाजच निघेना. मग पारापुढे कडब्याची एक पेंढी पेटवली आणि हलगी तिच्यावर धरून शेकली. आजी हे नेमकं सांगायची. निजाम, रेडिओ, फौज यातलं काही नाही. कडब्याचा जाळ, जाळाभोवती उभी माणसं, आणि हलगीवाला मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघतोय. कातडं ताणलं, हलगी कडाडली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर गणपती ओढ्यावर गेला.

या दिवसाचं पुढे काय काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री झेंडा लावतात. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली मुद्दाम याच तारखेला स्थापन झालं. याच दिवसाला कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात, आणि तेलंगणात सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं. खुद्द निजाम तर १९५० साली राजप्रमुख होऊन बसला. भाषणांत हे कुणी फारसं सांगत नाही.

आजीच्या हिशेबात मात्र अनंताचा दिवस आणखी एकदा आला. २९ सप्टेंबर १९९३, बुधवार. विसर्जन आटोपून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी नोंदीत ती ३० तारीख. पण पंचांगाचा दिवस सूर्य उगवेपर्यंत चालतो, तेव्हा आजीच्या लेखी ती अनंताचीच रात्र. आदल्या वर्षी किल्लारीच्या बाजूला छोटे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. पण दख्खनचं पठार म्हणजे भक्कम कातळ, आणि आमचा भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीला पोचले.

मी सोलापुरात शिकायला होतो. खोलीतली भांडी वाजली तेवढंच कळलं. दुपारी गावात पोचलो तेव्हा वेस ओळखू आली नाही.

भिंतींनी मारलं. दगडाच्या दोन पदरी भिंती, मध्ये मातीचा भराव, सिमेंटचा पत्ता नाही. वर माळवद: तुळया, त्यावर दांड्या-फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. ही माती दर वर्षी पावसाआधी नव्यानं टाकायची असते, नाहीतर गळतं. जुनी कुणी काढत नाही. वर्षानुवर्षं एकावर एक थर चढत जातात, घर उन्हाळ्यात गार राहतं आणि डोक्यावरचं वजन कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे मधल्या खणाला सागवानी खांब होते, तेवढा खण उभा राहिला. ज्या बिनखिडकीच्या भिंतीमागे रझाकारीत अख्खी गल्ली झोपली होती, ती भिंत आत पडली. नाना तिच्या कडेला झोपायचे. आजी अंगणात बाजेवर होती म्हणून वाचली; विसर्जनाच्या दिवशी लई माणसं येऊन गेली, आत गदमदतंय, असं म्हणून तिनं बाज बाहेर काढायला लावली होती.

आठ-दहा दिवसांनी ढिगारा उपसताना आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. चेपलेली, पण आतले कागद धड. पैसेपावत्या, एक जुनी पट्टी, आणि एक उर्दू कागद. निजामाच्या राज्यात महसुलाचा बराचसा व्यवहार उर्दूत असे, त्यामुळे मराठवाड्यात घरोघर असे कागद आहेत आणि ते वाचणारा माणूस पंचक्रोशीत एखादाच. आता कुणबी नोंदींसाठी पुन्हा त्यांना भाव आलाय. उमरग्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि सांगितलं की खरेदीखत आहे. तीन एकर दहा गुंठे, किंमत नव्वद रुपये हाली, लिहून देणारीचा अंगठा. तारीख बहमन महिना, फसली १३५८.

फसली म्हणजे निजाम सरकारचं साल. त्यात ५९० मिळवायचे. ऑक्टोबरात अझूर महिन्यानं ते सुरू होई आणि आबान महिन्यानं संपे. म्हणजे ज्या दिवशी निजाम गेला तो दिवस त्याच्याच दफ्तरात १३५७ च्या शेवटच्या महिन्यातला. बहमन तिसरा. १९४८ चा डिसेंबर. ॲक्शन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. राज्य गेलं तरी कारकुनाचा बोरू जुन्याच सालावर चालला होता.

लिहून देणारी कोण, हे मी आजीला विचारलं. तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. ती बराच वेळ शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "मुलाण्याची बायकू."

आमच्या गल्लीत टोकाला मुलाण्याचं घर होतं, हे तोवर मला ठाऊकही नव्हतं. अनंताच्या रात्री गणपती त्याच्या दारावरून गेला तेव्हा दार बंद होतं. दर वर्षी तो दारात उभा राहून खोबरं द्यायचा. रझाकारांशी त्याचा संबंध होता का? आजी म्हणाली, त्याला साधी चिलीम कुणी दिली नसती त्यांनी. पाच-सहा दिवसांनी माणसं आली. गावची नव्हती, असं आजी म्हणाली. पुढे मी आजूबाजूच्या गावांत विचारत फिरलो तेव्हा प्रत्येक ठिकाणी हेच ऐकलं: आलेले बाहेरगावचे होते. म्हणजे सगळीच गावं दुसऱ्यांच्या गावी गेली होती. मुलाणी आणि त्याचा भाऊ, दोघांना रस्त्याकडच्या विहिरीवर नेलं. बायको आणि तीन लेकरं आमच्या घरात दोन रात्री, ज्वारीच्या बळदाच्या खोलीत. मग आजोबांनी गाडी जुंपून त्यांना सोलापूरच्या वाटेला लावलं.

त्या हिवाळ्यात पंडित सुंदरलाल यांचं शिष्टमंडळ दिल्लीहून हैदराबाद संस्थानात आलं आणि गावं फिरलं. ॲक्शननंतर निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. हा अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. रझाकारांनी जाळलेली गावं, मारलेली माणसं, हे सगळं खोटं नाही. नानांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्या गोष्टींत ते अतिशयोक्ती करत नसत. पण नानांची गोष्ट नेहमी ओढ्यावर, गणपती शिरवून संपायची. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ते उरले नव्हते.

मुलाण्याची बायको बहमनात एकदा परत आली. वावर विकायचं होतं. आजोबांनी घेतलं.

"घेतलं नसतं तर दुसऱ्यानं फुकट दाबलं असतं," आजी म्हणाली. शेंगांचं सूप तिनं बाजूला सारलं. "पर नव्वदला घ्यायचं नव्हतं. तवा मी सून. इचारतंय कोन?"

भूकंपानंतर सरकारनं गावं उठवून नवी वसवली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, ओळखीचा एकही कोपरा नाही. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळणार होती: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. तलाठ्यानं सातबारा मांडला. आमची वडिलोपार्जित जमीन सोळा एकर, म्हणजे सात हेक्टरला थोडी कमी. त्यात ही तीन एकर दहा गुंठे मिळवली की सात हेक्टरची रेघ ओलांडली जात होती. वडिलांनी सही केली. आम्हाला ७५० फुटांचं घर मिळालं.

आजी त्या घरात रात्री कधी झोपली नाही. शेवटपर्यंत तिची बाज अंगणातच असायची. पण घराची वाटणी तिनं पहिल्याच दिवशी करून टाकली. पुढची खोली, चूल, देवघर, आणि मागची मोठी खोली मुलाण्याची. हे ती सगळ्यांदेखत, पाहुण्यांदेखत म्हणायची. वडिलांना ते आवडायचं नाही. एकदा ते चिडून म्हणाले, "आई, कुठला मुलाणी? खोली आपल्या नावावर आहे." ती म्हणाली, "नावावर हाय म्हनून तर सांगावं लागतंय."

आता त्या खोलीत ज्वारीची पोती, फवारणीचा पंप आणि जुना फ्रिज असतो. परवा बायकोनं दळणाचा डबा कुठे ठेवू म्हणून विचारलं, तर आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "ठेव मुलाण्याच्या खोलीत."